शिडाच्या दोराची निरगाठ

दोर बोलायचे, त्या काळची गोष्ट. हिरू तांडेलाच्या होडीवर शिडाला नवा दोर आला. त्याच्या अंगात भारी चुळबुळ. वारा आला तरी धास्ती, वारा पडला तरी धास्ती: आपण सुटलो तर?

हिरू शिडाचा दोर नेहमी सुरगाठीनं बांधायचा, टोक ओढलं की झटक्यात सुटेल अशी. नव्या दोराला त्यात कमीपणा वाटे. तांडेलाची पाठ वळली की तो हळूच आणखी एक वेढा घ्यायचा आणि तिची निरगाठ करून टाकायचा.

नांगराचा म्हातारा दोर म्हणायचा, "पोरा, धरायला शिकलास. सुटायला कधी शिकणार?"

"सुटणं काय शिकायचं, आजोबा? ते कुजक्या सुतळीलाही येतं!"

एका दुपारी खाडीच्या तोंडाशी अचानक आडवा वारा सुटला. शीड फुगलं, होडी कलली, पाणी आत येऊ लागलं. हिरूनं टोक ओढलं. गाठ सुटेना.

"अरे सोड, बाबा, सोड!" तो ओरडला. दोरालाही सोडायचं होतं. पण ओढावं तितकी गाठ आवळत गेली. शेवटी हिरूनं कोयता उचलला आणि दोर कापला. शीड मोकळं झालं, होडी सावरली.

अर्धा दोर पाण्यात गेला. उरलेला हिरूनं न रागावता पुन्हा शिडाला बांधला, सुरगाठीनंच. दोराची वेढा घ्यायची सवय उसळून आली, ती त्यानं कशीबशी आवरली.

"आजोबा," त्यानं विचारलं, "सुटताना दुखतं का हो?"

"कोयत्याइतकं नाही, पोरा."