बिनबटणाचं यंत्र

“पण बटण हवंच कशाला, बापू?”

सुजयनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बापू शेलार काही साधुपुरुष नव्हते. एकोणतीस वर्षं एस.टी. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या आणि डॉक्टर बजावत असतानाही तंबाखू मळत राहिले. शेवटी स्वरयंत्र काढावं लागलं. आता मानेला एक यंत्र लावून, त्याचं बटण दाबून बोलायचे. यंत्र नुसतं गुणगुणायचं. त्या गुणगुणीचे शब्द करायचे ते ओठांनी आणि जिभेनं. दर गुरुवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, आपल्यासारखाच गळा गेलेल्यांना ते हे शिकवत.

सुजयनं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून नवं यंत्र बनवलं होतं. बापूंच्या यंत्राचा सूर एकच, सपाट. डब्यात कोंडलेली माशी, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणाला. त्याच्या यंत्राचा सूर माणसासारखा चढायचा, उतरायचा. आणि बटणच नव्हतं. गळ्याला पट्टा बांधायचा; जबडा हलला की आवाज आपोआप सुरू.

“तुम्हा म्हाताऱ्यांना जुनं सोडवत नाही,” तो म्हणाला.

बापूंनी बाकावरच्या पारूबाईंकडे बोट केलं. मंडईत भाजी विकणारी बाई. ऑपरेशनला चार महिने झाले, तोंडातून एक शब्द नाही. काही विचारलं तर उत्तर सून द्यायची...

“बांध तिला.”

सुजयनं पट्टा बांधला. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

पारूबाईंचे डोळे भरले. जबडा थरथरला.

यंत्र वाजलं. गोल, भरदार आवाज. पलीकडच्या रांगेतली माणसंही वळून बघू लागली. तिनं तोंडावर पदर घेतला, तरी ते वाजतच होतं. तिनं आवंढा गिळला, तेव्हाही वाजलं.

“ऐकलंत?” सुजयची छाती फुगली. “किती स्वच्छ येतोय.”

...

पारूबाईंनी पट्टा ओढून काढला. बापूंच्या हातातलं यंत्र न विचारता घेतलं आणि मानेला टेकवलं. पहिल्यांदा जागा चुकली, नुसतीच गुणगुण. तिनं ते दोन बोटं खाली सरकवलं. बटण दाबलं.

“नको... मला... तुझं.”

सपाट, खरखरीत. पण शब्द न् शब्द कळला.

शेजारी बसलेली सून उठून उभीच राहिली. रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. पारूबाई ताठ बसल्या होत्या. यंत्र परत द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

सुजय पट्टा गुंडाळत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“चार महिन्यांनी तोंड उघडलं,” तो म्हणाला, “आणि ते मला नको म्हणायला.”

बापूंनी यंत्र मानेला लावलं. बटण दाबलं.

“म्हणून पेढे तू आणायचे.”