कोणाचं नाव घेऊ?

पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात भिवा तांबट आणि त्याची बायको सारजा राहत होती. दोघांचं पटेनासं झालं. आज भांडण, उद्या अबोला. शेवटी दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. भांडीकुंडी वाटून झाली. राहिली आठ वर्षांची लेक, सगुणा.

ती दोघांनाही हवी होती. पंच म्हणाले, "पोरीलाच विचारू. बाजाराच्या दिवशी चावडीवर ती ज्याचं नाव घेईल, त्याच्याकडे राहील."

झालं! आई वेणी घालताना म्हणे, "माझं नाव घेतलं नाहीस, तर मला आई म्हणू नकोस." बाप भाता ओढताना म्हणे, "आईकडे गेलीस, तर बाप मेला म्हणून समज." सगुणा दोघांनाही 'हो' म्हणे. तिचं खाणं तुटलं, झोप उडाली. त्या दोघांना मात्र ते दिसलंच नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिचं अंथरूण रिकामं होतं.

सारा गाव शोधायला निघाला. विहिरी पाहिल्या, खळी पाहिली. दिवस कलला तेव्हा भिवा आणि सारजाला ओढ्याच्या वाळूत लहान पावलं उमटलेली दिसली. शेजारीच बिबट्याचे ताजे ठसे होते.

पावलं करवंदीच्या जाळीत शिरली होती. जाळी इतकी दाट, की मोठ्या माणसाला आत जाता येईना. आतून बारीक खोकला ऐकू आला.

"तुझ्यामुळं पोर रानात आली!" भिवा ओरडला.

"माझ्यामुळं? तिचे कान कोण भरत होतं?"

खोकला थांबला. दोघांनी हाका मारमारून घसा कोरडा केला. आतून हूं की चूं नाही. वरच्या झाडांवर वानरं खेकसू लागली. जनावर जवळच होतं.

भिवा पुन्हा काही बोलणार, तोच सारजाने त्याचा हात धरला. "गप्प राहा. ती बिबट्याला नाही, आपल्याला भिऊन लपलीय."

भिवा जाळीपाशी वाकला. "सगुणा, बाळा, तुला कोणाचंच नाव घ्यायचं नाहीये. कुणी विचारणार नाही."

आतून बारीक आवाज आला, "आईपण तसंच म्हणतेय?"

"हो गं," सारजा म्हणाली. "तू बाबांकडे राहिलीस तरी मी तुझी आईच."

"आणि मी आईकडे गेले, तर बाबा मरणार नाहीत ना?"

भिवाने नुसती मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं, की तिला ते दिसत नाही. "नाही मरणार," तो कसाबसा म्हणाला. "मी खोटं बोललो होतो."

काटे सरकले. ओरबाडलेली सगुणा रांगत बाहेर आली. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलेला परकराचा बोळा अजून तिच्या मुठीत होता. दोघांनी तिला मध्ये घेतलं आणि झपाझप गाव गाठलं.

चावडीवर पंचांनी तोंड उघडलं, तेव्हा दोघं एकदमच म्हणाले, "तिला विचारू नका. आमचं आम्ही ठरवू."

नवराबायको म्हणून ती पुन्हा एकत्र आली नाहीत. पण सगुणा दोन्ही घरांत राहू लागली, आणि एका घरचं वाईट दुसऱ्या घरात तिच्या कानावर पडेनासं झालं. भांडायचंच असलं, तर ती दोघं तिला घरी ठेवून ओढ्याकाठी जात आणि तिथे मनसोक्त भांडत. महिन्याभरात पोर पोटभर जेवू लागली.

तात्पर्य: आईबापांना वेगळं व्हावं लागलं तर व्हावं, पण दोघांतून एकाला निवडायचं ओझं लेकरावर टाकू नये.