तुमचा रेडिओ बारीक करा

विश्राम देवस्थळी दर मंगळवारी सकाळी रेडिओवर ‘थेट सवाल’ चालवत. श्रोत्यांनी फोन करून विचारायचं आणि पाहुण्या साहेबांनी उत्तर द्यायचं, असा कार्यक्रम. अडचणीचा प्रश्न आला की देवस्थळी म्हणत, “तुमचा रेडिओ बारीक करा, आवाज घुमतोय,” आणि फोन कापत. श्रोता बिचारा आपलंच चुकलं असं समजे.

त्या मंगळवारी पाहुणे होते वीज खात्याचे बडे साहेब. “जिल्ह्यात वीज एक मिनिटही जात नाही,” त्यांनी ठणकावून सांगितलं.

पहिलाच फोन कुसुंबवाडीच्या पोस्टमास्तर इंदुमती खरातांचा आला. “साहेब, आमच्या गावात वीज...”

“बाई, आधी रेडिओ बारीक करा,” देवस्थळी घाईघाईनं म्हणाले. “केवढा घुमतोय!”

“घुमतोय? अगं बाई, म्हणजे वीज आली की काय!” इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. “आमचा रेडिओ विजेवर चालतो. नऊ दिवस मुका आहे. जरा थांबा हं, बघून येते.”

देवस्थळींनी बासरीची तबकडी लावली.

संध्याकाळी कुसुंबवाडीत वीज आली. पोस्टातला रेडिओ बोलू लागला, तेव्हाही बासरीच चालू होती.