रेवजीची पट्टी

"मग माझं चुकलं तरी कुठं, बुवा?"

तुळाजीनं पुन्हा तेच विचारलं. सोमगिरी बुवा मठाच्या ओसरीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

तुळाजी डोंगरमाथ्यावरच्या कारवंडवाडीचा. लहानपणी याच मठात राहून शिकला, पुढं शहरात जाऊन घरं बांधायचं मोठं शिक्षण घेतलं, आणि चांगली नोकरी सोडून परत वर आला. कशासाठी, तर वाडीच्या बैठकीचं जुनं घर उतरवून त्याच जागी पक्कं बांधून द्यायला. पोरगा हुशार, कष्टाला वाघ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. घराचा विषय निघाला की त्याची गाडी सुटलीच म्हणून समजा.

आताही सुटली. दगड डोंगराचा, माती डोंगराची, सिमेंटची एक गोणी कुणाच्या डोक्यावरून वर आणली नाही. थंडीत आत ऊब, उन्हाळ्यात गारवा. छप्परसुद्धा दगडी कमानीचं. पाऊस कितीही कोसळू दे, थेंब आत येत नाही. कुठून कुठून लोक बघायला येतात, फोटो काढून नेतात.

"शंभर वर्षं कुणाला हात लावायला नको," तुळाजी म्हणाला.

"शंभर वर्षं..."

एवढंच बोलून बुवांनी पुढची शेंग घेतली.

तुळाजीचा आवाज तिथंच उतरला. कारण बाहेरचे येत होते, पण वाडीचे येत नव्हते. निम्मी वाडी पोटापाण्यासाठी खाली शहरात गेलेली. तरी दरसाल शिमगा झाला की सगळी झाडून वर यायची. आलीच पाहिजेत, तशी रीतच होती. बैठकीच्या जुन्या घराला गवताचं छप्पर, आणि त्या छपराची प्रत्येक घराला एकेक पट्टी वाटून दिलेली. ज्याची पट्टी त्यानंच शाकारायची. नाही आला, तर त्याची पट्टी गळणार, तीही सगळ्यांच्या डोक्यावर, आणि वर्षभर त्याच्या नावानं शिमगा चालू राहणार. मग कशाला कोण चुकवतोय?

शाकारणी झाली की चार दिवस वाडी नुसती घुमायची. भांडणं व्हायची, सोयरिकी जुळायच्या, म्हाताऱ्यांना नातवंडं दिसायची.

यंदा शिमगा होऊन गेला. तुळाजी नव्या घराच्या दारात रोज घाटवाटेकडं डोळे लावून बसला. वाटेनं कुणी आलं नाही.

बाकीच्यांचं एक वेळ सोडा. त्याचा जीव तुटत होता तो थोरल्या भावासाठी, खाली शहरात गेलेल्या रेवजीसाठी. आईबापामागं त्यानंच याला वाढवलेलं, त्यानंच खांद्यावर बसवून या मठात आणून सोडलेलं. शाकारणीत एकदा गुळगुळीत वाशावरून पाय सटकून रेवजी खाली आला आणि त्याचं मनगट मोडलं. दादाला आता परत छपरावर चढू द्यायचं नाही, हे तुळाजीनं त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं. सगळा खटाटोप तिथून सुरू झाला.

"फोन केला होतास त्याला?" बुवांनी विचारलं.

केला होता. दादानं विचारलं, काय काम निघालंय का? तुळाजीनं मोठ्या ऐटीत सांगितलं, छे, काम कसलं, आता काम कायमचं संपलं, तू नुसता ये. दादा बरं म्हणाला. बघू म्हणाला. आणि ठेवला फोन.

बुवा शेंगा सोलायचे थांबले.

"दुसऱ्याची पट्टी कधी शाकारतात रे तुमच्यात?"

तुळाजीला वाटलं, बुवांना ठाऊक नसेल. तो सांगायला लागला, की दुसऱ्याच्या पट्टीला कुणी हात लावत नाही. एखादं घरच बसलं, वंशाला कुणी उरलं नाही, तरच शेजारचा...

बोलता बोलता तो अडखळला.

"रेवजीची पट्टी कुणी शाकारली यंदा?"

तुळाजी उठून ओसरीच्या टोकाच्या खांबाशी जाऊन बसला.

"तुळ्या, तुला विचारतोय."

"मी," तुळाजी म्हणाला. "मीच. दगडानं. त्याची आणि सगळ्यांचीच."

तुळाजीला भडभडून आलं. त्यानं उपरण्यात तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला. दादाला जपायला गेलो आणि दादाच घालवून बसलो, असं काहीबाही तो बोलत होता. मग एकदम ताठ होऊन म्हणाला, की उद्याच वर जातो आणि ते छप्पर उतरवतो.

"कशाला? घर चांगलं आहे."

"मग दादाला काय सांगू? कशासाठी बोलावू त्याला?"

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली. सोललेले वाल बाजूला सारले. तुळाजी ओसरीच्या पार त्या टोकाला खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडं बघून बुवांनी हात पुढं केला.

"हात दे. उठव मला."

तुळाजी लगबगीनं उठला, जवळ आला. त्यानं बुवांचा हात धरला, दुसऱ्या हातानं पाठीला आधार दिला आणि त्यांना सावकाश उभं केलं. कितीतरी वर्षांनी तो त्यांच्या इतक्या जवळ उभा होता. अंगाला त्यांच्या धुनीचा वास येत होता. हात सोडवेना त्याला.

मग त्याच्या ध्यानात आलं. आज सकाळीच हा म्हातारा झऱ्यावरून भरली घागर खांद्यावर घेऊन एका दमात चढण चढून आला होता.

"बुवा, तुम्हाला तर एकट्याला उठता येतं."

"येतं की," बुवा म्हणाले. "पण मग तू तिकडंच बसून राहिला असतास."