गांधीलमाशीचं दुकान

फार पूर्वी एका रानात गांधीलमाशी लाकूड चघळून कागद बनवायची आणि त्यावर फुलांच्या रंगांनी शुभेच्छापत्रं रंगवायची. पोपट रोज ओरडून जाहिरात करायचा, पण तिच्या नांगीच्या भीतीने कोणी फिरकत नसे. दुकान बंद करायची वेळ आली होती.

एका सकाळी ससा थरथरत आला. "साळूताईशी भांडलो. माफी मागायचीय, पण समोर गेलो की तोंडातून शब्द फुटत नाही."

गांधीलमाशीने पळसाच्या रंगाचं सुंदर कार्ड करून दिलं. "मजकूर मात्र तुम्हीच लिहा, ससेभाऊ."

संध्याकाळी ससा आणि साळू हसत दुकानात आले. साळू म्हणाली, "मलाही एक दे गं. बहिणीशी कधीची बोलले नाहीये मी."

पोपटाने उत्साहाने विचारलं, "आता काय ओरडू?"

"ओरडू नका, पोपटराव. साळूताईंना बसायला जागा द्या. त्यांना नीट विचार करून लिहायचंय."