न पाहिलेलं आकाश

"मग आता थांबायचं कशासाठी, बाई?"

तन्वीरने लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर नव्या दुर्बिणीने टिपलेलं लंबगोल आकाश होतं. विश्वाच्या बालपणीची ऊब अजून सगळीकडून येते. तिच्यातले बारीक फरक लाल-निळ्या ठिपक्यांनी दाखवलेले.

त्याच्या मार्गदर्शक दाभोळेबाई पडद्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवत होत्या.

"काय सापडलं ते तोंडी सांग."

"पहिल्या क्षणात अवकाश एकदम फुगलं, तेव्हाची खूण! साध्या सिद्धान्ताप्रमाणे हे ठिपके निव्वळ यदृच्छेने पसरायला हवेत. तसे ते नाहीत. म्हणजे ते फुगणं साधं नव्हतं. उद्या परिषदेत मी हे मांडतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं कुणीतरी मांडेल. आणि मी जन्मभर सांगत फिरेन, की आधी मला दिसलं होतं."

"फिर की. बोलायला तर तुला आवडतंच."

तो हसला नाही.

"आपल्या आकाशगंगेची धूळ मध्ये येते, तो पट्टा झाकलास ना? केवढा?"

"थोडा रुंद केला."

"कधी?"

"...नकाशा बघितल्यावर."

"का?"

"खूण ठळक झाली म्हणून."

बाईंनी आधणात चहापत्ती टाकली. चहा उकळत राहिला.

त्यांच्या गटात एक रीत होती. मोजण्याची पद्धत आधी संगणकाने रचलेल्या आकाशांवर पक्की करायची; खरं आकाश त्यानंतर, एकदाच उघडायचं. तन्वीरला हे सगळं सोवळं वाटायचं.

बाईंनी एक पेन ड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

"हे आणखी एक आकाश. शोध तुझी खूण."

त्याने शोधली. काहीच नाही. पट्टा जरा रुंद केला. मग जरा अरुंद. मग एका बाजूने...

"आली! बाई, इथंही आहे! आता तरी पटलं?"

"ते काल मी संगणकावर रचलं. निव्वळ यदृच्छेने. त्यात कसलीच खूण घातलेली नाही."

पंखा फिरत होता. तन्वीरने पट्टा पुन्हा पहिल्यासारखा केला. खूण गेली.

"म्हणजे खऱ्या आकाशात मला दिसलं, ते खोटं?"

"मला काय माहीत? मी अजून ते पाहिलेलं नाही."

"मग मी पुन्हा मोजतो. पट्टा आधी ठरवून."

"कोणत्या आकाशावर?"

त्याने कळफलकावरचा हात काढून घेतला.

"आकाश एकच आहे," तो हळूच म्हणाला. "आणि ते मी बघून बसलोय."

बाईंनी त्याच्यापुढे कप ठेवला. त्याने हात लावला नाही.

"उद्याचं काय करू?"

"जा ना. पट्टा आज ठरव, पद्धत नीट लिही आणि उद्या सगळ्यांना देऊन टाक. ज्यांनी आकाश उघडलेलं नाही, त्यांना आधी."

"खूण दिसली होती, हे सांगू?"

"नाही. नाहीतर तेही खूण दिसेपर्यंत पट्टा सरकवत बसतील."

"माझं नाव?"

"पद्धतीवर राहील."

"...आणि त्यांना ती सापडली तर?"

बाईंनी त्याचा लॅपटॉप न बघताच मिटला.

"तर ती आहे."