सांडशीचं कुंकू

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. सातवीतच शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणून सुरुवात करणार होतो, पण गोष्ट गेल्याच खंडेनवमीची आहे.

त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळी, कात्री आणि माझा हातोडा पाटावर ऐटीत बसले होते. ओट्यावरून सांडशी म्हणाली, “जरा सरकता का? मीही येते.”

“तू?” विळी हसली. “किती खुळखुळतेस! उद्या भंगारवाला येणार आहे, त्याच्याकडे जाऊन बस.”

“आणि कुंकू लावायला कपाळ कुठंय तुला?” कात्री म्हणाली.

सांडशी रुसून शेगडीमागे जाऊन बसली.

आई फुलं आणायला अंगणात गेली आणि नैवेद्याची खीर उतू जायला लागली. पातेल्याला कान नव्हते. “अहो, मला उतरवा कुणीतरी!” ते ओरडलं.

“कापायचं असेल तर सांग,” विळी पुटपुटली.

“मी ठोकू का?” हातोड्याने विचारलं.

“नको रे बाबा!”

शेवटी कात्रीच ओरडली, “सांडशीबाई, या हो!”

“कपाळ नसलं तरी तोंड आहे मला,” म्हणत सांडशीने पातेल्याची कड धरली आणि खीर खाली उतरवली.

आई आली. “अगंबाई, खीर कोणी उतरवली?”

पाटावर सगळे गप्प. मी दारातून पाहिलं होतं, पण सांडशीला पाटावर ठेवायचं मलाही सुचलं नव्हतं, म्हणून मीही लाजून गप्पच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भंगारवाला यायच्या आधी, मी सांडशीची खीळ ठोकून घट्ट केली आणि तिला कुंकू लावलं.

“अरे, पूजा काल झाली,” आई म्हणाली.

“हिची राहिली होती,” मी म्हणालो.